नौपाड्यातली १९६२ ची मर्सिडीज: दोन इंजिनं आणि एक निर्णय

हे प्रकरण ठाण्यातल्या एका कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. घरात एकमेकांना ज्या नावाने हाक मारतात तीच इथे वापरतो: वडील म्हणजे अण्णा, थोरला मुलगा दादा, धाकटी बहीण ताई. दादांचा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. जुन्या गाड्यांच्या नादापायी माझी त्यांच्याशी ओळख झाली आणि सल्ल्यापुरता मी शेवटपर्यंत सोबत होतो.

पार्श्वभूमी

नौपाड्यातल्या जुन्या तीन मजली इमारतीमागे पत्र्याचं गॅरेज होतं. त्यात १९६२ ची मर्सिडीज-बेंझ २२०एस उभी होती. अण्णांनी ती १९७४ मध्ये घेतली. मुंबईतल्या एका परदेशी वकिलातीने वापरून झालेली ती गाडी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विक्रीला आली होती. त्या काळात आयातीवर कडक निर्बंध असल्याने परदेशी गाडी हवी असणाऱ्याला जे थोडे मार्ग मोकळे होते, त्यातला हा एक. अण्णांचा वागळे इस्टेटमध्ये छोटा कारखाना होता. गाडी त्यांनी मिरवायला घेतली असं कोणी म्हणत नाही. ते बॉनेट उघडून तासन् तास नुसते बघत बसायचे, असं ताई सांगतात.

या मॉडेलबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच बेतलेले आहेत. मागच्या फेंडरला माशाच्या परासारखी टोकं असल्यामुळे शौकीन हिला ‘फिनटेल’ म्हणतात. कंपनीच्या भाषेत ही डब्ल्यू १११. १९५९ साली आलेल्या या मालिकेत बेला बारेनी या अभियंत्याची कल्पना प्रथमच उत्पादनातल्या गाडीत उतरली: अपघातात पुढचा आणि मागचा भाग चेपून धक्का शोषेल आणि मधली केबिन शाबूत राहील. आज प्रत्येक गाडीत असलेल्या ‘क्रम्पल झोन’ची सुरुवात इथली. २२०एस मध्ये २,१९५ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, दोन सोलेक्स कार्ब्युरेटर, ११० हॉर्सपॉवर. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या कॉलमवर. स्पीडोमीटर थर्मामीटरसारखा उभा. वेग वाढतो तशी पट्टी वर चढते आणि तिचा रंग बदलतो.

आणि इथेच गोम होती. १९९३ च्या सुमाराला हेड गॅसकिट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधला पातळ थर, वारंवार जायला लागलं, गाडी घाटात तापायला लागली आणि पेट्रोलचा खर्च परवडेना. तेव्हा अनेकांनी जे केलं तेच अण्णांनी केलं: पेट्रोल इंजिन उतरवून टेम्पो ट्रॅक्सचं डिझेल इंजिन बसवलं, गिअरबॉक्ससकट. ट्रॅक्सचा दांडा खालून वर येतो, म्हणून गाडीच्या तळातल्या मधल्या उंचवट्याला, म्हणजे बोगद्याला, भोक पाडलं आणि कॉलमवरची मूळ जोडणी काढून टाकली. या रूपात गाडी आणखी पंधराएक वर्षं धावली. गणपतीपुळं, कोल्हापूर, नातवाचं बारसं सगळं त्यातच झालं. मग अण्णांचे गुडघे गेले, गाडी गॅरेजमध्ये गेली आणि २०१९ मध्ये अण्णाही गेले.

अडचण

२०२१ च्या अखेरीस इमारतीचा पुनर्विकास ठरला. गॅरेज रिकामं करायची मुदत मिळाली. दादांनी मला बोलावलं ते एवढ्यासाठीच की गाडी विकायची तर किती मागावेत.

गॅरेजमध्ये गेल्यावर लक्षात आलं की प्रश्न किमतीचा नाही. गाडी अजून अण्णांच्याच नावावर होती. नोंदणीची मुदत कधीच संपलेली. आरसी बुक जुन्या पद्धतीचं, हाताने लिहिलेलं, मुंबईच्या नोंदणीचं. त्यात इंधन ‘पेट्रोल’ आणि इंजिन नंबर मूळ इंजिनाचा. डिझेलचा बदल कधी नोंदवलेलाच नव्हता. म्हणजे कागदावर एक गाडी आणि जागेवर दुसरीच. वारसांत दादा आणि ताई असे दोघे, आणि त्यांची मतं जुळत नव्हती.

गॅरेजच्या मागच्या भिंतीला फळ्यांखाली ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते मूळ इंजिन, गिअरबॉक्स अजून जोडलेला. शेजारी गोणत्यात कॉलमच्या गिअरच्या सळ्या, दोन्ही कार्ब्युरेटर, एअर फिल्टरचं डबडं. अण्णांनी उतरवलेली एकही वस्तू विकलेली नव्हती. सामान हलवायला आलेल्या भंगारवाल्याने त्याचा किलोवर भाव सांगितला होता आणि दादा देऊन टाकायच्या बेतात होते. मी पहिली विनंती केली ती हीच: बाकी काहीही ठरवा, पण हे गोणतं आणि ती ताडपत्री तूर्त हलवू नका.

कोणते पर्याय समोर होते

आहे तशी विकणं हा सगळ्यात सोपा मार्ग. परराज्यातल्या एका खरेदीदाराने आकडा सांगितला होता, पण कागद अपुरे म्हणून तो पाडूनच. ताईंनी ठाम नकार दिला आणि विषय तिथेच संपला.

खरा वाद झाला तो गाडी ठेवायची तर कोणत्या इंजिनावर, यावर. डिझेलची बाजू कमकुवत नव्हती, आणि ती नीट मांडली पाहिजे, कारण जुन्या गाड्यांच्या मंडळींत ‘डिझेल टाकलेली’ म्हटलं की नाक मुरडायची पद्धत आहे. ट्रॅक्सचं ते इंजिन म्हणजे ओएम ६१६. हे मुळात मर्सिडीजचंच, त्यांच्या २४०डी मध्ये बसणारं. बजाज टेम्पोने ते परवान्यावर इथे बनवलं. सुटे भाग आजही मिळतात, कोणताही मिस्त्री उघडू शकतो, आणि हे इंजिन लवकर मरत नाही. दादांचं म्हणणं साधं होतं: “मी अण्णांबरोबर जी गाडी चालवली ती हीच. तो घरघर आवाज म्हणजेच आमची गाडी.”

ताईंना आठवत होती ती त्याआधीची. त्या शाळेत असताना अण्णा रविवारी त्यांना शेजारी बसवत आणि गाडी सुरू आहे की बंद हे काचेवर हात ठेवून ओळखायला लावत. “दादा, तुझी ९३ नंतरची, माझी आधीची. अण्णांची कोणती?” असं त्या म्हणाल्या आणि खोलीत कोणी काही बोललं नाही.

दादांच्या चिरंजीवांचा तिसराच पक्ष होता. त्यांना परदेशातून चालू स्थितीतलं दुसरं इंजिन मागवायचं होतं. पण दुसऱ्या नंबरचं इंजिन म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदलाची परवानगी, आयातीचे कागद आणि तरीही मूळ नसल्याचा शिक्का. मूळ इंजिन घरात पडलेलं असताना हा पर्याय मला पटला नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

निर्णयाला वजन दिलं ते एका नियमाने. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी या तरतुदीत बसते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये आणि ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक. आधीच भारतात नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक राखता येतो आणि फेरनोंदणीची फी ५,००० रुपये. नोंदणी दहा वर्षं टिकते. बदल्यात बंधन असं की गाडी रोजच्या किंवा व्यवसायाच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. रॅलीवाले १९६२ ची गाडी ‘क्लासिक’ गटात धरतात, पण या नियमापुरती ती व्हिंटेजच.

डिझेल इंजिनासह गाडी या नियमात बसली नसती. नेहमीच्या पद्धतीने पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण करायचं म्हटलं तरी आधी न नोंदवलेला इंजिनबदल निस्तरावा लागला असता. मूळ इंजिन परत बसवलं तर मात्र कागद आणि गाडी आपोआप जुळणार होती. अण्णांनी बदल नोंदवला नव्हता, आणि काढलेलं इंजिन टाकलंही नव्हतं.

दादांना बंधनाची अट खुपत होती. त्यांना रविवारी उपवनला चक्कर मारायची होती. या मुद्द्यावर आम्ही बरेच दिवस अडलो. शेवटी मी त्यांना माझा विचार सांगितला: डिझेल इंजिन उतरवून जपून ठेवलं तर ते पुढेही बसवता येईल, त्याचे भाग पुढची वीस वर्षं मिळतील. मूळ इंजिन एकदा भंगारात गेलं की त्या नंबरचं इंजिन जगात दुसरं नाही. ज्या वाटेवरून परत फिरता येतं ती आधी चालून बघावी.

तरी लगेच ‘हो’ म्हणायचं नाही, असं ठरवलं. आधी थोडे पैसे खर्चून इंजिन तपासायचं. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य ओतीव धड, फुटका निघाला तर डिझेलच राहील आणि ताईही हट्ट सोडतील. ताईंनी हे मान्य केलं, हे महत्त्वाचं. निकष आधी ठरल्यामुळे नंतर कोणी हरलं-जिंकलं नाही.

इंजिन उघडलं तेव्हा

काम घेतलं ते वागळे इस्टेटमधल्या एका वयस्क मिस्त्रींनी. सगळे त्यांना चाचा म्हणतात. तरुणपणी त्यांनी अशी इंजिनं हाताळली होती. त्यांनी पहिल्याच दिवशी एक नियम घातला: स्टार्टर लावायचा नाही.

प्लग काढून सहाही सिलिंडरांत डिझेल आणि एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल, यांचं मिश्रण ओतलं. इंजिन जाम होतं. रोज सकाळी चाचा पुढच्या पुलीच्या नटाला लांब दांडा लावून हलकेच दाबून बघत, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, आणि हललं नाही की दांडा काढून ठेवत. चिरंजीव अधीर होऊन म्हणाले, “चाचा, जरा जोर लावू का?” चाचांनी त्यांच्या हातातून दांडा काढून घेतला. “पिस्टन मेला तर नवा येईल बेटा. क्रँक मोडला तर कुठून आणशील?” दोनेक आठवड्यांनी पुली बोटभर सरकली. मग उलट दिशेला बोटभर. त्या दिवशी चाचांनी सगळ्यांना चहा पाजला.

हेड उघडल्यावर दिसलं की पाच सिलिंडर बऱ्यापैकी स्वच्छ आहेत आणि एकात गंजाचं कडं धरलं आहे. इंजिन ज्या स्थितीत थांबलं होतं त्यात त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता. तिथून ठाण्याचा अठ्ठावीस पावसाळ्यांचा दमटपणा आत शिरला. गाडी किंवा इंजिन दीर्घकाळ ठेवताना प्लगच्या भोकातून तेल सोडून एक्झॉस्ट आणि इनटेक दोन्ही तोंडं बंद करायला का सांगतात, ते त्या एका सिलिंडरने दाखवलं.

ब्लॉक बिडाचा, तो प्रेशर टेस्टला टिकला. हेड ॲल्युमिनियमचं, कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरल्याने पाण्याच्या वाटांभोवतीची धातू खाल्ली गेली होती. १९९३ मध्ये गॅसकिट का टिकत नव्हतं, त्याचं उत्तर इथे होतं. गॅसकिट वारंवार बदललं, पण ज्या पृष्ठभागावर ते बसतं तोच खड्डेमय होता. टिग वेल्डिंगने भरून मग फेसिंग केलं, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट केला. इथे दुसरा छोटा पण नेमका निर्णय होता. फेसिंगवाल्याला सगळे खड्डे जाईपर्यंत घासायचं होतं. पण या इंजिनाचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हेडमध्ये आहे, तो खालच्या क्रँकवरून साखळीने फिरतो. हेड जास्त घासलं की क्रँक आणि कॅममधलं अंतर कमी होतं आणि व्हॉल्व्हचं टायमिंग मागे पडतं. म्हणून आधी भरायचं आणि नंतर कमीत कमी घासायचं, असं चाचांनी उभं राहून करून घेतलं.

बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका शॉपमध्ये झालं. ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, बेअरिंगा आणि गॅसकिटांचा संच जर्मनीहून मागवला. फिनटेलच्या मालकांचं नशीब चांगलं की कंपनीचा जुन्या गाड्यांचा विभाग अजून भाग पुरवतो. स्टटगार्टजवळ फेलबाखला त्यांचं क्लासिक सेंटर १९९३ पासून आहे. पण माल येईपर्यंत काही महिने गेले. या रिकाम्या महिन्यांत काय झालं ते पुढे सांगतो.

डिझेलसाठी वेल्डिंग केलेले ब्रॅकेट पुढच्या सबफ्रेमवर होते. सबफ्रेम रबरी माउंटांवर बसते आणि खाली उतरवता येते. त्यामुळे ती काढून, ब्रॅकेट कापून, मूळ माउंटच्या जागा साफ करता आल्या. मुख्य बॉडीला झालेली इजा म्हणजे बोगद्याचं भोक आणि रेडिएटरच्या पत्र्यातला काप, एवढीच. दोन्ही ठिकाणी कडेला कड लावून नवा पत्रा बसवला. कॉलमच्या गिअरच्या सळ्या गोणत्यातल्याच, फक्त झिजलेले बुश लेथवर नायलॉनचे करून घेतले.

कागद

इंजिनाचं काम चालू असताना ताईंनी कागद हातात घेतले आणि हे काम त्यांनीच तडीस नेलं. आधी अण्णांचा मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरणाचा फॉर्म ३१. जुनं हाताने लिहिलेलं आरसी ऑनलाइन प्रणालीत नव्हतंच. त्याची बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागली. मुंबईची नोंदणी ठाण्यात आणायची म्हणून ना हरकत. त्यानंतर विम्यासह फॉर्म २० वर व्हिंटेजचा अर्ज. तपासणीला चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घेतली आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहिला. तोच होता.

बहीण-भावाने एक गोष्ट फार शहाणपणाने केली. गाडी दादांच्या नावावर झाली, पण दोघांच्या सहीने एका कागदावर लिहिलं: ताईंच्या संमतीशिवाय विक्री नाही, विकली तर निम्मे पैसे, आणि ताईंनी घातलेला खर्च आधी वजा. मी पाहिलेल्या वारसाच्या गाड्यांत असं लिहून ठेवणारं हे पहिलंच घर.

पत्रा आणि रंग

कारपेट उचललं तेव्हा चालकाच्या पायाखालचा पत्रा हाताने तुटला. दोन्ही बाजूंचे सिल, म्हणजे दारांखालचे आडवे पत्रे, आणि जॅक लावायच्या जागा गेल्या होत्या. फिनटेलमध्ये वेगळी चेसिस नाही, बॉडीच भार पेलते; त्यामुळे सिल गंजलेले असताना वरून पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे स्वतःला फसवणं. लोहचुंबक फिरवला तर पुढच्या फेंडरच्या दिव्यामागे तो चिकटेचना, इतकी पुट्टी.

रंगावरून पुन्हा मतभेद. गाडी ऐंशीच्या दशकात कधीतरी पांढरी केली होती. चिरंजीवांना काळा आणि चंदेरी असा दुरंगी मेटॅलिक हवा होता. कंपनीकडच्या डेटा कार्डवर, म्हणजे गाडी बनली तेव्हाच्या नोंदीत, मूळ रंग १५८ निघाला, ज्याला ते ‘वाइसग्राउ’ म्हणतात, पांढुरका राखाडी. नुसत्या आकड्याने कोणाचं मन वळत नाही. म्हणून मागच्या दाराच्या बिजागरीखाली, जिथे हात सहसा जात नाही, तिथे बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून हळूहळू घासलं. पांढरा गेला, एक पिवळसर अस्तर गेलं, आणि नाण्याएवढ्या वर्तुळात तो राखाडी उगवला, अजून तुकतुकीत. चिरंजीव बराच वेळ त्यावर टॉर्च धरून बसले. दुरंगीचा विषय पुन्हा निघाला नाही.

तरीही ‘सगळी खरवडून नवी’ करायला माझा विरोध होता. जुन्या गाड्यांच्या ‘फिव्हा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या टुरिन सनदेतलं तत्त्व मला मनापासून पटतं: आधी जपणूक, मग गरजेपुरती डागडुजी, आणि मूळ वस्तू शक्य तितकी शाबूत. डिकीच्या आतला, बॉनेटखालचा आणि दारांच्या चौकटींतला मूळ रंग तसाच ठेवायचा आणि बाहेरचाच भाग रंगवायचा, असं ठरलं. बाहेरचा पत्राही एकदम उघडा केला नाही. आपल्याकडच्या दमट हवेत उघडा पत्रा रात्रीतून तांबूस होतो. म्हणून एक पॅनल उघडायचं, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारायचा, मगच दुसरं.

जे परत येणार नाही

जर्मनीहून पिस्टन येईपर्यंतचे ते रिकामे महिने. गाडी अडून बसलेली, घरचे कंटाळलेले, ‘काहीतरी दिसेल असं काम करू’ अशी घाई. त्या काळात सीटा आणि क्रोम बाहेर गेलं, आणि या प्रकरणातलं खरं नुकसान तिथे झालं.

सीटवाल्याने कव्हरं फाडली, आतल्या स्प्रिंगा तेवढ्या ठेवल्या आणि वरचे केस आणि रबराचे दाबीव पॅड ‘सडलेत’ म्हणून कचऱ्यात टाकले. जागी फोम भरला. शिलाई सुंदर, टाके एकसारखे. पण फोम दबत नाही. बसल्यावर माणूस दोन-तीन बोटं वर राहतो. दादांचं डोकं छताला लागायला लागलं आणि स्टिअरिंग मांड्यांत आलं. मूळ कापडाचा नमुना म्हणून एक तुकडासुद्धा राहिला नाही.

प्लेटिंगवाल्याकडे बंपरबरोबर दिव्यांच्या रिंगा आणि काही बारीक ओतीव भागही गेले. बंपर पोलादी, ते तांबं-निकेल-क्रोमच्या थरांनी छान झाले. ओतीव भाग जस्ताच्या मिश्रधातूचे होते. जुना थर उतरवायच्या आम्लात त्यांची नक्षी खाल्ली गेली. असे भाग वेगळे काढून, त्यांच्यावर वेगळी प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे लागतात. काही चोरबाजारात मिळाले, काही अजून शोधतो आहोत.

परिणाम

२०२४ च्या हिवाळ्यात गाडी स्वतःच्या इंजिनावर सुरू झाली. ताईंनी काचेवर हात ठेवला आणि दादांना म्हणाल्या, “बघ, आता सांग चालू आहे की बंद.” त्यानंतर जुन्याच क्रमांकावर व्हिंटेज नोंदणी मिळाली. गाडी आता वागळे इस्टेटमधल्या भाड्याच्या शेडमध्ये असते. प्लास्टिक नाही, सुती आवरण, कारण प्लास्टिकखाली पत्र्याला घाम येतो. खर्च सगळा मिळून पहिल्या अंदाजाच्या जवळजवळ दीडपट झाला, आणि त्यातला मोठा वाटा इंजिन आणि पत्र्याचा. रंगाचा वाटा लोकांना वाटतो त्याच्या निम्माही नव्हता.

एक नवी काळजी मात्र कायमची आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. साठच्या दशकातले रबरी पाइप, गाडीतल्या इंधनपंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरमधले डायफ्रॅम यासाठी बनलेले नाहीत, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून टाकीला गंज लावतं. सगळे पाइप आणि पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले, टाकी आतून साफ करून घेतली, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल पडून ठेवायचं नाही, असं ठरलं.

डिझेल इंजिन विकलेलं नाही. तेल भरून, तोंडं बंद करून, ते त्याच शेडमध्ये लाकडी घोडीवर ठेवलं आहे. तो दादांचा हट्ट होता आणि ताईंनी एका शब्दानेही विरोध केला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कागदांचं काम इंजिनाच्या आधी सुरू व्हायला हवं होतं. आरसीतला इंजिन नंबर ताडपत्रीतल्या इंजिनाशी पहिल्या आठवड्यातच ताडून पाहिला असता तर डिझेल की पेट्रोल हा वाद काही महिने आधी मिटला असता, आणि पिस्टनची ऑर्डरही तितकीच आधी गेली असती.

वाट पाहायच्या काळात बाहेर द्यायचं ते काम परतीची वाट असलेलं असावं. ब्रेकचे व्हील सिलिंडर स्लीव्ह करून घेणं, वायरिंगचा नकाशा काढणं, प्रत्येक पट्टीचा आणि स्क्रूचा फोटो काढून पाकिटात घालणं, ही कामं तेव्हाच व्हायला हवी होती. ती नंतर घाईत झाली. सीटा आणि क्रोम मात्र मुळीच निघायला नको होत्या. आणि कोणत्याही कारागिराला वस्तू देताना ‘काढलेलं सगळं मला परत हवं, सडलेलं असलं तरी’ हे बिलावरच लिहून घ्यावं. तोंडी सांगितलेलं सीटवाल्याच्या पोऱ्यापर्यंत पोचत नाही.

रोजच्या वापराच्या अटीबद्दल माझं मत अजून दोलायमान आहे. ज्यांना गाडी खरोखर चालवायची आहे त्यांनी व्हिंटेज नोंदणी घेण्याआधी चारदा विचार करावा; नेहमीचं नूतनीकरण आणि हरित कर भरून गाडी रस्त्यावर ठेवण्याचा पर्याय महाराष्ट्रात आहे. इथे जुन्या गाड्यांवर दिल्लीसारखी वयाची बंदी नाही. दादांनी व्हिंटेजचा मार्ग घेतला तो ताईंसाठी, हे ते स्वतःच सांगतात.

सीटांवर आता दुसरा इलाज चालू आहे. गाद्यांसाठी मिळणारा रबराइज्ड काथ्या केसांच्या जुन्या पॅडसारखाच दबतो आणि हवाही खेळती ठेवतो. ठाण्यातल्याच एका गादीवाल्याने तो स्प्रिंगांच्या मापाने कापून, कडा हाताने तासून चालकाच्या सीटला बसवला. दादांचं डोकं आता छताला लागत नाही. शेजारची आणि मागची सीट व्हायची आहे.